बॉनेटवर खडीचा टवका उडाला? पूर्ण रंग मारायच्या आधी हे वाचा

रस्त्यावर डांबर पडतं, वर बारीक कच टाकली जाते, रोलर फिरतो आणि माणसं पुढच्या कामाला निघून जातात. त्यानंतरचे पंधरा दिवस त्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे हाल असतात. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून सुटलेला खडा टणकन बॉनेटवर बसतो आणि घरी येऊन बघावं तर तांदळाच्या कणीएवढा रंग गेलेला. जत, कवठेमहांकाळकडच्या आतल्या रस्त्यांवर हे नेहमीचंच आहे. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागणाऱ्यांचीही यातून सुटका नाही, कारण तिथं खडे कमी असले तरी वेग जास्त असतो. वेग दुप्पट झाला की खड्याच्या माराचा जोर चौपट होतो. ताशी ४० ला नुसता आवाज करून जाणारा खडा ८० ला टवका उडवतो.

असा टवका उडाला की गाडीवाले दोनपैकी एक चूक करतात. एक तर ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणून पावसाळाभर तसाच सोडतात, नाहीतर थेट गॅरेजला नेऊन अख्खं बॉनेट रंगवून आणतात. पहिल्यात पत्रा गंजतो. दुसऱ्यात कंपनीचा रंग जातो, आणि तो परत कुठल्याच गॅरेजला मिळत नाही.

कंपनीचा रंग वेगळा का

कारखान्यात पत्र्यावर एकावर एक थर चढतात. सगळ्यात आत गंज रोखणारा ई-कोट. त्यासाठी गाडीचा अख्खा सांगाडाच रंगाच्या हौदात बुडवून वीजप्रवाह सोडतात, म्हणून तो सांध्यासांध्यात पोचतो. त्यावर प्रायमर, मग आपल्याला दिसणारा रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दीड-दोन केसांएवढी जाडी. हे थर भट्टीत सुमारे १४० अंशांवर, आणि ई-कोट त्याहूनही जास्त तापमानाला भाजून पक्के करतात. गॅरेजमध्ये तसं करता येत नाही, कारण तोवर गाडीत वायरिंग, रबर, प्लास्टिक बसलेलं असतं. चांगल्या पेंट बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास तापवतात. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा शेडमध्ये नाहीतर उन्हात गाडी वाळवली जाते. मिस्त्रीचा हात कितीही चांगला असो, हा फरक राहतोच.

जुनी गाडी विकताना हाच फरक खिशाला लागतो. हल्ली सांगली-कोल्हापूरकडचे जुन्या गाड्यांचे व्यापारी रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र जवळ ठेवतात. यंत्रानं १२० दाखवलं तर कंपनीचा रंग. अडीचशे-तीनशे आलं की दुसऱ्यांदा मारलेला, आणि त्याच्याही बरंच वर गेलं की खाली लांबी भरलेली. खरं तर गाडी ठोकलेली नसते, फक्त टवके लपवायला रंगवलेली असते. पण समोरचा ते ऐकून घेत नाही आणि ‘गाडी लागलेली आहे’ म्हणून भाव पाडतो.

टवका किती खोल गेलाय

आधी बोटाचं नख आडवं फिरवून बघायचं. नख अडकलं नाही तर ती वरवरची रेघ आहे, पॉलिशनं जाते. नख अडकलं तर टवक्याच्या तळाला कुठला रंग दिसतो ते बघायचं. राखाडी किंवा फिकट असेल तर प्रायमर शाबूत आहे, घाई नाही. चंदेरी चमक दिसली तर पत्रा उघडा पडलाय. तांबूस दिसलं तर गंज सुरू झाला. काही गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, तिथं थोडी सवड मिळते. पण शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीकडच्या पावसात उभ्या राहणाऱ्या गाडीनं त्या सवडीवर विसंबू नये. गंज रंगाखालून पसरतो. वरून टिंबाएवढा दिसणारा डाग आत चांगला पसरलेला असतो, आणि रंगाला फुगा आला की मग पत्रा घासल्याशिवाय इलाज नाही.

बंपर प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही. तिथला टवका नुसता दिसायला वाईट. त्यामुळे आधी बॉनेट, छताची पुढची कड आणि चाकांच्या कमानी बघाव्यात, बंपर सगळ्यात शेवटी.

घरच्या घरी टचअप

लागणारं सामान थोडकं आहे: त्याच रंगाची टचअप बाटली, थोडं प्रायमर, थोडं क्लिअर, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, आणि मुलांच्या चित्रकलेच्या सामानातला सगळ्यात बारीक ब्रश. ब्रश नसेल तर टूथपिक चालते, उलट टवक्याला तीच बरी पडते.

रंग मात्र डोळ्यानं ठरवायचा नाही. एकाच कंपनीचे दोन-दोन, तीन-तीन पांढरे असतात, साधा वेगळा आणि मोतिया वेगळा. प्रत्येक रंगाला कोड असतो. तो बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेला सापडतो. नाहीच सापडला तर शोरूमवाले चासी नंबरवरून सांगतात. कोड दाखवूनच बाटली घ्यायची. ती काही शे रुपयांत मिळते आणि नीट झाकण लावून ठेवली तर बरेच दिवस पुरते.

काम सकाळी सावलीत, बॉनेट थंड असताना करायचं. जागा शाम्पूनं धुऊन कोरडी करायची. मग मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं आयपीए कापसावर घेऊन पुसायची, म्हणजे मेण, तेल निघून जातं. पेट्रोलनं पुसायची सवय अनेकांना आहे, पण पेट्रोल मागं तेलकटपणा ठेवतं आणि त्यावर रंग धरत नाही. थिनर तर नकोच.

गंज धरला असेल तर काडेपेटीच्या काडीच्या टोकाला १००० नंबरच्या पेपरचा बारीक तुकडा चिकटवायचा आणि फक्त टवक्याच्या आत फिरवायचा. आजूबाजूच्या चांगल्या रंगाला हात लावायचा नाही. तांबूसपणा पूर्ण जाऊन स्वच्छ धातू दिसला पाहिजे. बारीक खड्ड्यात गंज राहत असेल तर हार्डवेअरमध्ये मिळणारं रस्ट कन्व्हर्टर लावून, बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकं थांबायचं. गंजावरच रंग लावला तर वरून छान दिसतो आणि दिवाळीपर्यंत फुगून येतो.

उघड्या पत्र्यावर प्रायमरचा एक थेंब. तो वाळला की रंग. इथं बहुतेकांची घाई होते. एकाच वेळी भरगच्च थेंब सोडला तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं. पातळ थर द्यायचा, अर्धा तास थांबायचं, पुन्हा द्यायचा. वाळताना रंग बसतो, खाली जातो, म्हणून दोन-तीन थर लागतातच. शेवटी क्लिअर, आणि ते आजूबाजूच्या रंगापेक्षा केसभर वर आलेलं असू द्यायचं. मग आठवडाभर गाडीला त्या जागी हात लावायचा नाही. आठवड्यानंतर साबणाच्या पाण्यात भिजवलेला २००० चा पेपर हलक्या हातानं फिरवून तो उंचवटा सपाट करायचा आणि रबिंग कंपाउंडनं चमक आणायची. हात बसलेला नसेल तर हे घासणं सोडून दिलं तरी चालतं. पत्रा झाकला गेला हे महत्त्वाचं.

मेटॅलिक रंगात टचअप थोडं गडद दिसतं. नाक लावून बघितलं तर डाग दिसणारच. चार पावलांवरून दिसत नाही, तेवढं पुरे.

नेलपॉलिशचा जुगाड खेड्यापाड्यांत चालतो. भर पावसात दुसरं काही हाताशी नसेल तर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब उघड्या पत्र्यापेक्षा बरा, पण उन्हात तो पिवळा पडतो आणि तडकतो. उघडीप मिळाली की काढून नीट काम करावं. टूथपेस्टनं टवका भरतो असं सांगणारे व्हिडिओ मात्र सोडून द्यावेत. टूथपेस्ट घासते, भरत नाही.

विम्यात घालावं का

‘इन्शुरन्समध्ये करून टाकू’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. आधी हिशोब करावा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे पहिले १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये मालकाच्याच खिशातून जातात. झिरो डेप असला तरी ही रक्कम सुटत नाही. शिवाय नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि पाच वर्षं क्लेम नसला तर ५० टक्क्यांपर्यंत चढतो. बोनस राखणारं जादा कव्हर घेतलेलं नसेल तर एका क्लेमनं तो शून्यावर येतो. तीन-चार हजारांच्या रंगकामासाठी ५० टक्क्यांचा बोनस घालवणं म्हणजे म्हशीच्या दावणीसाठी म्हैस विकल्यासारखं आहे.

पॅनल रंगवायचाच असेल, म्हणजे टवके मोजण्यापलीकडे गेले असतील किंवा रंगाला फुगे आले असतील, तर रंग त्याच कोडचा, पत्रा उघडा करून गंज काढलेला आणि वर चांगल्या कंपनीचा दोन घटकांचा क्लिअर, एवढं आधी बोलून घ्यावं. रंग तोच ठेवला तर कागदपत्रांचा प्रश्न येत नाही. अख्ख्या गाडीचा रंग बदलला तर आरसीवरची रंगाची नोंद आरटीओतून बदलून घ्यावी लागते. जीपच्या शौकिनांनी आणखी एक लक्षात ठेवावं: सैन्याचा ऑलिव्ह हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ नं तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच राखलेला आहे.

कोटिंग कशाला, फिल्म कशाला

शोरूममध्ये गाडी घेताना सिरॅमिक कोटिंगचा आग्रह होतो. हा थर जेमतेम मायक्रॉनभर असतो. त्यानं पाणी ओघळून जातं, चिखल कमी चिकटतो, धुणं सोपं होतं. खडा मात्र अडत नाही. ‘९ एच कडकपणा’ असं सांगतात ना, ते पेन्सिलीच्या चाचणीतलं माप आहे, दगडाचं नव्हे.

खडा अडवते ती पीपीएफ, म्हणजे जाड पारदर्शक फिल्म. तिची जाडी दीडशे-दोनशे मायक्रॉन, म्हणजे कंपनीच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. तिचं मूळ व्हिएतनाम युद्धात आहे. हेलिकॉप्टरची पाती धुरळ्यानं आणि खड्यांनी झिजू नयेत म्हणून ती लावली जायची, तिथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आली. स्पोर्ट्स कारला तिची गरज सगळ्यात जास्त, कारण नाक जमिनीलगत आणि टायर रुंद. पुढचा टायर खडे उचलून स्वतःच्याच मागच्या बाजूवर फेकतो. म्हणूनच पोर्श ९११ च्या मागच्या फेंडरच्या पुढच्या कडेला कारखान्यातूनच फिल्म लावलेली येते. अशा काही गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनिअमचं असतं. तिथं तांबूस गंज येत नाही, रंगाखाली पांढरी भुकटी धरते.

साध्या गाडीला अख्ख्या अंगावर फिल्म लावायचा खर्च परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. बॉनेटची पुढची वीतभर पट्टी, आरशांच्या पाठी आणि दारांखालच्या कडा एवढ्यावर लावली तरी बराचसा मार वाचतो. चारही चाकांना मडफ्लॅप नसतील तर फिल्मच्या आधी ते बसवावेत. आणि मुरमाच्या डंपरमागे किंवा उसाच्या ट्रॉलीमागे चिकटून गाडी चालवू नये. हा उपाय फुकटात आहे.

रोजची काळजी

खड्यानं जेवढा रंग जातो त्याहून जास्त चमक कोरड्या फडक्यानं जाते. सकाळी धुरळा झटकायला फडकं फिरवलं की तो धुरळाच पॉलिश पेपरचं काम करतो. आधी पाणी मारून धुरळा सोडवायचा, मग शाम्पू. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण वापरला तर मेणाचा थर निघून जातो. जतकडच्या बोअरचं पाणी क्षारांचं, ते अंगावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात आणि उन्हात पक्के होतात. धुतल्याबरोबर मऊ कापडानं टिपून घ्यावं.

वाळवा भागात गळीत हंगामात कारखान्याची काजळी गाडीवर पडते, तीही कोरडी पुसू नये. तासगावकडे बागेत ब्लोअर चालू असेल तर वाऱ्याच्या दिशेला गाडी लावू नये. बोर्डो मिश्रणातला मोरचूद आणि चुना दोन्ही रंगाला वाईट. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या कापडानं भिजवून काढावी, खरवडू नये.

दर सर्व्हिसिंगला बिलात ‘रबिंग-पॉलिश’ लावून देतात, ते नको म्हणायला शिकावं. क्लिअर कोट आहेच ४०-५० मायक्रॉनचा, मशीननं प्रत्येक वेळी त्यातलाच थोडा जातो. तीन-चार महिन्यांनी हातानं मेण लावलं तरी पुरतं.

डिकीत खताची पोती नेणाऱ्यांनी खाली जाड ताडपत्री टाकावी. युरिया आणि पोटॅश हवेतलं पाणी ओढून घेतात आणि पत्रा खातात. सांडलेलं खत त्याच दिवशी झाडून, पाण्यानं धुऊन, गालिचा उचलून खालचा पत्रा वाळवावा. तिथला गंज बाहेरून दिसत नाही, स्टेपनी काढायची वेळ येते तेव्हाच कळतो.