पाणी गेलं कुठे?

मागच्या रविवारी खाली पार्किंगमध्ये गाडी धुवायला काढली आणि सहज बॉनेट उघडलं. बॅटरीच्या प्लसवर पांढरा-हिरवा भुगा साचलेला, खालच्या ट्रेचा रंग उडून गंज चढलेला. बॅटरीवर मात्र ठसठशीत स्टिकर: 'मेन्टेनन्स फ्री'. तेवढ्यात बाबा आले. एक मिनिट बघून विचारलं, "पाणी कधी घातलं होतंस?"

मी हसलो. "बाबा, ह्यात पाणी घालतच नाहीत."

"बरं. मग आतलं गेलं कुठे?"

आता ह्यावर काय बोलणार? वीकांत त्यातच गेला.

शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिडची ही बॅटरी गास्तों प्लांते ह्या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये केली. १८८१ मध्ये कामीय फोरने प्लेटवर लेप देण्याची युक्ती काढली आणि ती कारखान्यात बनवण्याजोगी झाली. आजही गाडीत तेच: साधारण २.१ व्होल्टचे सहा सेल. गोम अशी, की बॅटरी भरल्यावरही करंट येतच राहिला तर त्याला दुसरं काम उरत नाही, तो पाणी फोडायला लागतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होतात. ते कोंडून ठेवले तर डबा फुटेल, म्हणून वर भोक ठेवावंच लागतं. जाताना ते वायू ॲसिडचे बारीक थेंबही घेऊन जातात. म्हणजे थोडी गळती डिझाइनमध्येच आहे! (आमच्या धंद्यात ह्याला 'बग नाही, फीचर आहे' म्हणतात.)

बाबांकडे सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी होती. आमच्याच एल.बी.एस. रोडवर, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. तिच्या आधीच्या फियाट ११०० मध्ये अल्टरनेटर नव्हता, डायनॅमो असायचा, आणि चार्जिंग सांभाळायला मेकॅनिक मंडळी ज्याला 'कटआउट' म्हणत ती डबी. तिचे पॉइंट चिकटले की बॅटरी उकळलीच म्हणून समजा. बॅटरीचा डबाही तेव्हा काळ्या कडक रबराचा, वरून डांबरासारख्या लुकणाने बंद केलेला. उन्हाने आणि हादऱ्यांनी त्याला भेगा पडायच्या. म्हणून दर रविवारी सहा बुचं उघडायची, प्लेटच्या वर बोटभर पाणी आहे ना बघायचं, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. बाबा म्हणतात, सगळ्यात जास्त बॅटऱ्या गळायच्या त्या प्रेमाने काठोकाठ भरल्यामुळे. चार्ज होताना पाणी फुगतं, बुडबुडे येतात आणि ॲसिड बुचातून बाहेर. काहीजण पाण्याऐवजी ॲसिडच घालायचे. ते तर आणखी चूक, कारण कमी होतं ते मुख्यतः पाणी.

ह्या बॅटऱ्या लांबून येत नव्हत्या. मुलुंडहून नाहूर, भांडुप, मग कांजूरमार्ग. तिथे स्टँडर्ड बॅटरीजचा कारखाना होता. आज ज्यांना एक्साइड म्हणतो त्यांनी १९६९ मध्ये पुण्याजवळ चिंचवडला कारखाना काढला आणि १९९८ मध्ये स्टँडर्डचे कांजूरमार्ग, तळोजा आणि चेन्नईतल्या गिंडीचे कारखानेही घेतले.

पुढे डबा प्लॅस्टिकचा झाला, झाकण वितळवून चिकटवायला लागले, आणि शिशात अँटिमनीच्या जागी कॅल्शियम आलं. त्यामुळे पाणी फारच कमी उडायला लागलं. बुचं गेली, त्यांच्याबरोबर रविवारही गेला. पण भोक गेलेलं नाही! झाकणाच्या कडेला बघा, बारीकसं असतंच. गळतीची कारणंही बरीचशी जुनीच आहेत. फरक इतकाच, की आता कुणी बघत नाही.

पट्टी सैल असेल तर खड्ड्यांत बॅटरी नाचते आणि डब्याला तडा जातो. क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवला की पोलच्या बुडाचं सील सुटतं आणि तिथून ॲसिड झिरपतं. बॅटरी आडवी करून नेली की झालंच. २०२० च्या लॉकडाऊननंतर लोकांनी पार उतरलेल्या बॅटऱ्या घाईने मोठ्या करंटवर चार्जिंगला लावल्या, त्यातूनही गॅस होतो. आणि सगळ्यात मोठं कारण, ओव्हरचार्जिंग. त्यात मुंबईची गरमी.

इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत (नव्या गाड्यांचे हुशार अल्टरनेटर थोडे वरखाली करतात, ते सोडा). माझा आकडा? १५.३! अल्टरनेटरमधला रेग्युलेटर गेलेला. मी नुसती बॅटरी बदलणार होतो. नवीही तशीच उकळली असती.

भुगा पुसायला मी उघडा हात पुढे केला तेव्हा बाबांनी चक्क फटका मारला. त्यांच्या एका पँटला ॲसिडची भोकं होती, ती अजून आठवते. हातमोजे, चष्मा, आधी मायनसची वायर सोडायची (आणि लावताना ती शेवटी), मग खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासायचं. फेस थांबला की ॲसिड संपलं. सोडा बॅटरीच्या आत जाऊ द्यायचा नाही. मग पुसून, कोरडं करून पोलवर व्हॅसलीन. डोळ्यात थेंब गेला तर निदान पंधरा मिनिटं वाहतं पाणी आणि थेट डॉक्टर. जवळ काडी ओढायची नाही. हवेत चार टक्के हायड्रोजनही पेटायला पुरतो. आणि डबा तडकला असेल तर एम-सील वगैरे लावत बसू नका, बॅटरी बदला. जुनी दुकानदाराला परत द्यायची. ती परत घेण्याचं बंधन २००१ च्या नियमांपासून होतं, आता २०२२ चे नवे नियम आहेत.

माझी बॅटरी आतून सुकली होती, ती गेलीच. नवा रेग्युलेटर, नवी बॅटरी, मीटरवर १४.२. ट्रे तेवढा अजून रंगवायचा राहिलाय.