रीलोडिंग डाय (पिस्तूल व रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचे)

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा वापरण्यासाठी प्रेसमध्ये बसविण्यात येणारे साचे. बहुतेक डायना ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४ आटे असतात. त्यामुळे एका कंपनीचे डाय दुसरीच्या प्रेसमध्ये बसतात. सरळ पुंगळीच्या संचात सहसा तीन डाय असतात. पहिला झाडताना फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापाला आणतो व जुना प्रायमर काढतो. त्याचे कडे टंगस्टन कार्बाइडचे असल्यास पुंगळीला वंगण लावावे लागत नाही. दुसरा तिचे तोंड किंचित पसरवितो. दारू भरल्यावर तिसरा गोळी ठरलेल्या खोलीवर बसवून काठ आवळतो. डाय आट्यांवर वरखाली फिरवून जुळणी करतात आणि कडीने पक्की करतात.

काठ आवळण्याची पद्धत काडतुसानुसार बदलते. ·४५ एसीपीची पुंगळी नळीत तोंडाच्या कडेवर टेकते, म्हणून काठ केवळ निमुळता करतात. ·३८ स्पेशलचा काठ गोळीच्या खाचेत वळवितात. गोळी प्रमाणाबाहेर खोल बसल्यास दाब धोकादायकरीत्या वाढतो. अमेरिकेत काडतुसे अशी पुन्हा भरण्याचा छंद रूढ आहे. भारतात दारूगोळा बनविण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो.