कागदावर वाढलेली जखम

आमच्या केडगावात माजी सैनिक शोधायला फार फिरावं लागत नाही. नगरला रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचंही. मी जखमी सैनिकांच्या पुढच्या आयुष्यातल्या आरोग्याचा इतिहास हा विषय घेतला, त्यामागे हेही एक कारण होतं.

पहिल्याच वर्षी माती खाल्ली. पेन्शनच्या जुन्या कागदांवरून तक्ता केला. युद्धात जखमी होऊन सेवेतून बाहेर पडलेल्या एका जवानाचं अपंगत्व आधी ३० टक्के, पुढच्या कागदात ५०. मी लिहून मोकळा झालो, ‘प्रकृती ढासळली’. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, मधे तपासलं कुणी?

कुणीच नव्हतं. बदलला होता तो नियम. पाचव्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी १९९६पासून टक्केवारीचे टप्पे ठरले. ५०पेक्षा कमी असेल तर पेन्शनसाठी ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. जुन्या पेन्शनधारकांना हा लाभ नंतर मिळाला. सैनिकासाठी चांगलंच झालं, पण तुम्ही त्या आकड्याला शरीराचं माप समजलात तर फसलात.

मग तुलना कुणाशी करायची? गावातल्या समवयस्क शेतकऱ्याशी नको. फौजी भरतीच्या वेळीच निवडून घेतलेला, धडधाकट असतो. अफगाणिस्तानात जखमी झालेल्या ब्रिटिश सैनिकांचा ‘अ‍ॅडव्हान्स’ हा वीस वर्षांचा अभ्यास बघा. तिथे जोडीला घेतलेत तेही अफगाणिस्तानात जाऊन आलेले, त्याच वयाचे, तशाच हुद्द्याचे, पण जखम न झालेले सैनिकच. त्याशिवाय हृदयविकाराचा वाढलेला धोका जखमेमुळे की फौजी आयुष्यामुळे, हे सांगता येत नाही.

आणखी एक चकवा. तुम्ही ‘चंदू चॅम्पियन’ पाहिला असेल. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. अशी माणसं अभ्यासात सहज सापडतात. जे लवकर गेले, त्यांची मुलाखत कोण घेणार?

तक्ता मी पुन्हा केला. आता मेडिकल बोर्डाचा आकडा एका रकान्यात, पेन्शनसाठी धरलेला दुसऱ्यात. ‘शेवटची तपासणी कधी’ हा तिसरा रकाना बहुतेक ओळींत रिकामाच आहे.