मगरीच्या जबड्यातला पक्षी

नाईल नदीच्या काठी एक छोटा पक्षी मगरीच्या उघड्या जबड्यात शिरतो आणि तिचे दात साफ करतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकली आहे. ती सांगणाऱ्यांत जगातील मोठमोठे विद्वान आहेत. प्रश्न एवढाच आहे की, त्यांच्यापैकी किती जणांनी ती स्वतः पाहिली होती?

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तविषयी लिहिताना ही हकीकत नोंदवली. त्याच्या मते हा पक्षी मगरीच्या तोंडातील जळवा खातो. पुढे ॲरिस्टॉटलने तीच गोष्ट दात साफ करण्याची म्हणून सांगितली. अल्लामा दमीरी यांनी कैरोत १३७१च्या सुमारास 'हयातुल हयवान' हा प्राण्यांचा मोठा कोश पूर्ण केला. त्यातही हा पक्षी आहे, आणि सोबत एक नवा तपशील आहे. पक्ष्याच्या डोक्यावर काटा असतो. मगरीने तोंड मिटलेच तर तो टोचतो आणि बाहेर पडतो. जळवांचे दात झाले, दातांना काटा जोडला गेला. गोष्ट हातोहात वाढत गेली.

ज्या पक्ष्याला आज 'मगरपक्षी' म्हणतात, तो सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मोठ्या नद्यांच्या वाळूवर राहतो. लांबी सुमारे २० सेंटिमीटर. ज्या इजिप्तवरून त्याला इंग्रजी नाव मिळाले, तिथे मात्र तो आता उरलेला नाही. त्याच्या डोक्यावर काटाबिटा काही नसतो. हिरोडोटसचा पक्षी हा नसून नाईलकाठची टिटवी असावी, असे काही अभ्यासक मानतात. त्या टिटवीच्या पंखाच्या सांध्यावर खरोखरच काटा असतो. दमीरींच्या काट्याचे मूळ कदाचित तिथेच असेल. पण दोघांपैकी कुणीही मगरीचे दात साफ करतो, याचा भरवशाचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

इथे एक गोष्ट विचार करायला लावते. रिवायत तपासण्याचे शास्त्र ज्या समाजाने घडवले, सनद पाहिली, प्रत्येक रावीची विश्वासार्हता तपासली, त्याच समाजातील आलिमाच्या ग्रंथात ही गोष्ट बिनधोक शिरली. नवव्या शतकात प्राण्यांवर लिहिताना बसऱ्याच्या जाहिझने ॲरिस्टॉटललाही ठिकठिकाणी प्रश्न विचारले होते. म्हणजे तहकीकीची परंपरा होती. पण गोष्ट गोड असली, कुणाचे नुकसान करणारी दिसत नसली, की तिच्याकडे सनद मागायचे आपण विसरतो.

नुकसान मात्र होते. १९७७ मध्ये थॉमस हॉवेल या अमेरिकन संशोधकाने इथिओपियातील बारो नदीच्या काठी बसून या पक्ष्याचा अभ्यास केला. त्याला काय दिसले? पक्षी अंडी वाळूत पुरून ठेवतो. ऊन वाढले की नदीवर जाऊन पोटाची पिसे भिजवतो आणि परत येऊन अंड्यांवरची वाळू ओली करतो. धोका दिसला तर पिल्लांवरही वाळू टाकून त्यांना झाकतो. दात साफ करण्याच्या गोष्टीपेक्षा हे किती विलक्षण आहे! पण दोन हजार वर्षे सगळ्यांचे डोळे मगरीच्या जबड्यावर खिळलेले होते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला दक्षिणेला पैनगंगा आहे, पूर्वेला वर्धा. आपली टिटवीही उन्हाळ्यात पोट भिजवून अंडी गार ठेवते. विदर्भाच्या पूर्व भागातील मोठ्या नद्यांवर दिसणारी नदी टिटवी तर थेट वाळूवर आणि गोट्यांवर अंडी घालते. तिच्या पंखावरही काटा असतो. आणि आपण टिटवीबद्दल काय सांगतो? ती ओरडली की अशुभ. ती पाय वर करून झोपते, आभाळ पडेल म्हणून. तिने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त. तिची अंडी ज्या वाळूत असतात, ती वाळू ट्रॅक्टरमधून जाते, त्याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही.

डॉ. सलीम अली १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी करत होते. त्या काळी पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे राज्य. त्याआधी किहीमला त्यांनी सुगरणीची घरटी महिनोन्महिने पाहिली होती, आणि एकच नर अनेक घरटी बांधून अनेक माद्यांशी संसार करतो, हे नोंदवले होते. त्यांची पद्धत साधी होती: बसायचे, पाहायचे, लिहून ठेवायचे.

पक्ष्याबद्दलची खोटी गोष्ट दोन हजार वर्षे टिकते, तर माणसांबद्दलची किती टिकत असेल? एखाद्या मोहल्ल्याबद्दल, एखाद्या जमातीबद्दल ऐकलेली गोष्ट आपण पुढे पाठवतो, तेव्हा सांगणाऱ्याचे नाव मोठे आहे एवढेच पाहतो. नाव हिरोडोटसचेही मोठेच होते. आपल्याबद्दल कुणी न पाहता बोलले की आपल्याला लागते. मग दुसऱ्याबद्दल बोलतानाही तोच नियम हवा: पाहिले कुणी, कुठे, केव्हा? उत्तर मिळत नसेल तर ती गोष्ट आपल्यापाशीच थांबली पाहिजे.