बार्शीची लेक रिओत, तुम्ही राजारामपुरीत

तुम्ही कोल्हापुरातल्या राजारामपुरीत उतरता तेव्हा ६ ऑगस्ट २०१६ ची रात्र आहे आणि पाऊस लागलेला आहे. खिशात पाचशेची जुनी नोट सापडते. बिनधास्त खर्च करा, अजून तीन महिने चालणार आहे. मोबाईलवरचा नेटपॅक मात्र जपून; जिओ यायला महिना बाकी आहे. पानटपरीशी थांबलेल्या रिक्षात ‘सैराट’ची गाणी वाजताहेत आणि आडोशाला उभी माणसं महाडच्या पुलाचं बोलताहेत. सावित्रीवरचा तो पूल वाहून जाऊन चारच दिवस झालेत.

जनता बाजार चौक मागे टाकून गल्ल्या मोजत चला. इथं पत्ता सांगताना गल्लीचा आकडा सांगितला की निम्मं काम होतं. तुमचं घर कुठलं ते कळेलच, कारण त्या घरातून टीव्हीचा आवाज बाहेर येतोय आणि दार उघडं आहे.

“या की, बसा. म्याच सुरू झाली.”

काकूंचं माहेर बार्शीचं. उद्या नागपंचमी, माहेरी जाणं जमलेलं नाही. मांडीवर ताट घेऊन त्या हरभऱ्याची डाळ निवडताहेत, उद्याच्या पुरणाच्या दिंडांसाठी. पंचमीला तवा चढत नाही, विळीला हात लागत नाही, म्हणून सगळं उकडायचं. डाव्या हातावर मेंदी ओली आहे. तो हात आरतीचं तबक धरावं तसा उताणा, अधांतरी. उजवा डाळीत. त्यामुळे रिमोट तुमच्या हातात येतो, आणि आवाज कमी-जास्त करायची जबाबदारीही.

पडद्यावर ऑलिंपिक, महिला दुहेरीची पहिली फेरी. सानिया मिर्झा आणि प्रार्थना ठोंबरे. प्रार्थना बार्शीची, वय २२. काकूंना टेनिसमधलं फारसं कळत नाही, पण बार्शीतलं कळतं.

“बार्शी तिथं सरशी,” त्या म्हणतात.

काका पेपरातून डोकं वर काढतात. “ऑलिंपिकचं आम्हाला नका सांगू. आमच्या खाशाबांनी बावन्न साली पदक आणलंय.” मग राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला घर गहाण टाकून सात हजार उभे केले, ती हकिकत. कोल्हापुरात ऑलिंपिकचा विषय निघाला की ती निघतेच, आणि निघावीच.

समोर चीनची पेंग शुआई आणि झांग शुआई. “बहिणी हायत व्हय?” नाही काकू, तिकडं आडनाव आधी लावतात, नाव दोघींचंही शुआई. पेंगकडं नीट बघा. फोरहँड असो की बॅकहँड, रॅकेट दोन्ही हातांनी धरते. ही बाई दोन वर्षांपूर्वी दुहेरीत जगात पहिली होती. झांगनं याच जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्यपूर्व फेरी गाठलीय. म्हणजे समोर दोन्हीकडं पक्की भिंत.

आपल्याकडं सानिया, सध्या दुहेरीत जगात अव्वल. पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूला जोडीदार निवडायची मुभा मिळते, त्या वाटेनं प्रार्थना रिओला पोचली. ‘सानियामुळं गेली’ असं म्हणणारे तेव्हाही होते. त्यांना इंचॉन आठवत नसावं. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत याच जोडीनं कांस्य मिळवलंय. शिवाय हैदराबादला सानियाच्याच अकादमीत प्रार्थनाचा सराव चालतो. जोडी काही परवा जमवलेली नाही.

आता एक करा. चेंडूकडं बघू नका. अवघड जातं, पण जमतं. पार्टनर सर्व्हिस करत असताना नेटशी वाकून उभी असते तिच्याकडं बघा. पाठीमागं धरलेल्या हाताची बोटं काहीतरी सांगतात: चेंडूवर झडप घालणार की जागेवर राहणार. मग तिला क्षणार्धात ठरवावं लागतं. झडप घातली आणि चेंडू मोकळ्या जागेतून निसटला, तर सगळं स्टेडियम तिची चूक बघतं; जागेवर राहून पार्टनरचं काम सोपं केलं, तर कुणाला दिसतही नाही. जगात अव्वल असलेलीच्या शेजारी उभं राहायचं तर आणखी एक गोष्ट ठरलेली: प्रतिस्पर्धी चेंडू कुणाकडं वळवणार, हे ओळखायला टेनिस यावं लागत नाही.

पहिला सेट टायब्रेकमध्ये जातो. सहा-आठ, गेला. काकू डाळीचे खडे जरा जोरात ताटाबाहेर टाकतात. दुसरा सात-पाच, आपला! मेंदीचा हात झटकन वर जातो आणि भिंतीवर एक हिरवा ठिपका उमटतो. काका काही बोलत नाहीत, पेपर मात्र घडी करून बाजूला ठेवतात.

तिसरा सेट सुरू होतो. निकाल तुम्हाला ठाऊक आहे, आणि तोंड उघडायची चोरी आहे. पेंगचा चेहरा पडद्यावर आला की जास्तच अवघड होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती चीनच्या माजी उपपंतप्रधानांवर जाहीर आरोप करील, ती पोस्ट काही वेळात गायब होईल, मग काही आठवडे तिचाच ठावठिकाणा जगाला लागणार नाही, आणि डिसेंबरमध्ये महिला टेनिस संघटना चीनमधल्या स्पर्धा थांबवील. आज ती फक्त काकूंची दुश्मन आहे. “ह्या बयेला एकदा तरी चुकव गं बाई,” काकू प्रार्थनाला सांगतात.

पाच-सात. दोन तास ४४ मिनिटांनी संपतं. खाली पट्टी सरकते, ‘सानिया पराभूत’. दुसरं नाव पट्टीत मावलेलं नाही.

“आता हिची पुढची म्याच कवा?”

नाही काकू. सानिया मिश्र दुहेरीत बोपण्णाबरोबर खेळेल. प्रार्थनाचं रिओ संपलं. ते दोघं उपांत्य फेरी गाठतील, पदक थोडक्यात हुकेल, हे तुम्ही गिळून टाकता.

काकू उजव्या हाताची बोटं मोजतात. सहा, सात, पाच. मग समोरच्यांची.

“आमचे अठरा, त्यांचे एकोणीस. एका गेमासाठी घरी धाडलं?”

काका म्हणतात, टेनिसमध्ये बेरीज करत नसतात.

“तुम्ही नका करू,” काकू म्हणतात, आणि तुमच्याकडं वळतात. “ती पट्टी परत आली की सांगा. तिचं नाव घालत्यात का बघायचंय.”