बांबू-व्यापार, चंद्रपूर–गडचिरोली

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या दोन वनजिल्ह्यांतील बांबूची तोड, विक्री, प्रक्रिया व निर्यातक्षमता. १९८२ पर्यंत हा सारा मुलूख एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होता. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी असलेल्या मार्कंडा देवस्थानाच्या पूर्वेस व दक्षिणेस पसरलेल्या जंगलात मुख्यतः मानवेल ही जात आढळते. शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. आतून जवळजवळ भरीव असलेला हा बांबू घरबांधणी, कुंपण आणि कागदाचा लगदा यांसाठी उत्तम. पावसाळ्यात नवे कोंब (स्थानिक नाव वास्ते) फुटतात, त्यामुळे त्या काळात तोड बंद असते.

कागद गिरणी : बल्लारपूरची गिरणी १९४५ मध्ये स्थापन झाली. पुढे अनेक दशके दीर्घ मुदतीच्या करारांनी सरकारी जंगलातील बांबू तिला मिळत राहिला. तोडणाऱ्याच्या पदरी मजुरी पडे, मालाच्या किमतीत त्याचा वाटा नसे.

मालकी व वाहतूक परवाना : १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला वृक्षात गणले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरवला आणि ग्रामसभेची मालकी मान्य केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही माल गावाबाहेर नेता येईना, कारण वाहतूक परवाना वन विभागाच्या हाती होता आणि परवान्याशिवाय बांबू रस्त्यावर आणणे हा गुन्हा. खरेदीदार अशा मालाला हात लावत नाही, म्हणजे हक्क असूनही बाजार नाही. २१ मार्च २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानण्यास आणि परवान्याचा अधिकार ग्रामसभेला देण्यास सांगितले. २७ एप्रिलला ते स्वतः मेंढ्यात आले व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. गावचे पुढारी देवाजी तोफा व गावकऱ्यांच्या अनेक वर्षांच्या चिकाटीचे ते फळ. तेव्हापासून किती बांबू तोडायचा, कोणाला व काय दराने विकायचा हे ग्रामसभा ठरवते आणि तिच्याच परवान्यावर गाडी निघते. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाला २०१२ मध्ये सुमारे १००६ हेक्टरवर हक्क मिळाला. त्या गावाने जंगलाची हानी होते म्हणून तेंदूपाने तोडणे सोडले आणि बांबूवर भिस्त ठेवली. व्यापारनीतीच्या चर्चेत ही दोन गावे क्वचितच येतात. वास्तविक या मालाच्या स्पर्धाक्षमतेचा पाया तिथेच घातला गेला.

नोव्हेंबर २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला. शेतातला बांबू त्यामुळे मोकळा झाला. जंगलातल्या बांबूमागे परवान्याचे काम राहिलेच.

अगरबत्ती काडी : भारतीय अगरबत्तीला जगभर गिऱ्हाईक आहे, मात्र तिच्या गोल काड्या दीर्घकाळ चीन व व्हिएतनाममधून येत राहिल्या. त्याचे एक कारण मानवेलीच्या पेरात सापडते. काडी साधारण आठ-नऊ इंचांची लागते. मानवेलीचे पेर बहुधा फूट-दीड फुटाचे असते, आणि गाठीपाशी तंतू वाकडे होत असल्याने तेवढा भाग काडीला चालत नाही. एका पेरातून जेमतेम एक लांबी निघते, उरलेला तुकडा वाया जातो. लांब पेरांच्या जातींपुढे मानवेल इथे मागे पडते. ऑगस्ट २०१९ मध्ये अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले. जून २०२० मध्ये काड्यांवरील आयात शुल्क १० वरून २५ टक्के झाले. शुल्काने उसंत मिळते, पेराची लांबी वाढत नाही. वन विभागाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या गडचिरोली अगरबत्ती प्रकल्पात गावोगावच्या महिलांना काम मिळाले, हे त्याचे मोठेच श्रेय आहे.

कोळसा : खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या म्हणण्यानुसार काडी-उद्योगात बांबूचा केवळ १६ टक्के भाग उपयोगी पडतो, ८४ टक्के वाया जातो. या उरलेल्या भागाचा कोळसा होतो, परंतु त्याच्या निर्यातीवर बंदी होती. मे २०२२ मध्ये ती उठली. अट एकच, बांबू कायदेशीर मार्गाने मिळवल्याची कागदपत्रे हवीत. नेमका तोच पुरावा मेंढा-पाचगावच्या परवाना-पुस्तकात पानापानावर आहे. नव्या निर्यातदाराला पहिल्याच दिवशी लागणारा हा दस्तऐवज इथल्या ग्रामसभा स्वतःच्या सहीने देऊ शकतात. भरीव मानवेल कोळशालाही सोयीची. प्रत्येक ग्रामसभेने एकटीने माल विकण्याऐवजी महासंघ करून प्रतवारी, साठवण व भट्टी यांत पैसा घालणे हाच पुढचा रास्त मार्ग दिसतो.

वाहतूक : गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे देसाईगंजला (वडसा) येते. दक्षिण भागाला बल्लारशाह जवळ पडते.

प्रशिक्षण : चिचपल्ली (चंद्रपूर) येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र.

बुरडकाम : सुपे, टोपल्या, तट्टे. बुरडांना निस्तार (सवलतीच्या) दराने बांबू देण्याची पद्धत आहे. माल मुख्यतः आठवडी बाजारात खपतो.