कँटनची हुंडी

अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबई बंदरातून कापूस, आणि पुढे माळव्याची अफू, घेऊन जी जहाजे कँटनच्या रोखाने निघत, त्यांवर माल चढविणाऱ्या व्यापाऱ्यांपुढे विक्रीपेक्षा वसुलीचा प्रश्न अधिक बिकट असे; कारण मालाची चांदी वादळांच्या नि चाच्यांच्या समुद्रातून परत आणणे जोखमीचे, आणि तिच्यावर चहा घेऊन तो विलायतेस पाठवावा म्हटले तर त्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःकडे राखलेला. कंपनीची अडचण नेमकी उलट होती. चिनी लोकांना विलायती मालाची फारशी गरज नसल्यामुळे चहाची किंमत तिला बहुतांशी रोख चांदीत चुकवावी लागे.

या दोन गरजांची सांगड हुंडीने घातली. मुंबईकराचा अडत्या कंपनीच्या कँटन येथील खजिन्यात चांदीचा भरणा करी आणि तेथील अधिकारी लंडनच्या संचालकांवर मुदती हुंडी लिहून देत. तिच्या पहिली, दुसरी, तिसरी अशा प्रती निरनिराळ्या जहाजांनी रवाना होत; एकीची रक्कम चुकती झाली की बाकीच्या रद्द समजल्या जात. आपल्या पेढ्यांवर मूळ हुंडी गहाळ झाल्यानंतर पेठ, आणि तीही हरवल्यास परपेठ, लिहून देण्याचा रिवाज होता. दर्यापारच्या व्यवहारात तेवढी सवड कोठली! लंडनचा अडत्या हुंडी सकारून घेई, मुदतीपर्यंत थांबवत नसेल तर बट्टा सोसून ती वटवी आणि त्या रकमेचा विलायती माल मुंबईस धाडी. अथवा विलायतेस पैसे पाठवू इच्छिणाऱ्या एखाद्या गृहस्थास ती मुंबईतच, पाठीवर सही करून, विकली जाई.

अफूची आयात चिनी बादशाहाने निषिद्ध ठरविली होती, आणि कंपनीनेही आपल्या जहाजांतून ती चीनला न नेण्याचे सोवळे पाळले होते. परंतु त्याच अफूची चांदी खजिन्यात जमा करून तिच्या मोबदल्यात निष्कलंक कागद देताना तिला कधी संकोच वाटल्याचे दिसत नाही. या सोवळ्यास दांभिकतेखेरीज दुसरे नाव देता येत नाही.

1834 मध्ये कंपनीचा मक्ता संपला आणि कँटनच्या बाजारात लंडनमधील खाजगी पेढ्यांवरील हुंड्यांचे महत्त्व वाढले. पाच वर्षांनी लिन त्से-श्यू या चिनी अधिकाऱ्याने अफूच्या 20,000 हून अधिक पेट्या सक्तीने ताब्यात घेतल्या, त्या वेळी ब्रिटिश प्रतिनिधी कॅप्टन एलियट याने त्यांच्या भरपाईची हमी सरकारच्या नावे व्यापाऱ्यांना लिहून दिली. लंडनच्या सरकारी तिजोरीने मात्र हा कागद सकारण्याचे नाकारले. अखेर लढाई झाली, आणि 1842 च्या नानकिंग तहान्वये चीनवर लादलेल्या 2 कोटी 10 लक्ष डॉलरांपैकी 60 लक्ष डॉलर या अफूच्या किमतीपोटी वसूल करण्यात आले.